कंपोस्टचा ढीग : खालीवर करणारी यंत्रे आणि ढिगाची स्वतःची शक्ती

कंपोस्ट खताविषयीच्या कोणत्याही पुस्तिकेत एक वाक्य हमखास आढळते : ‘ढीग अधूनमधून खालीवर करावा.’ हे वाक्य लिहिणे सोपे आहे. आचरणात आणणे तितके सोपे नाही. बागेच्या कोपऱ्यात एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ढीग रचला, तर ओलाव्यासह त्याचे वजन पाचसहाशे किलोग्रॅम भरते. पालापाचोळा, गवत, शेण, भाजीपाल्याची देठे आणि पाणी यांचा हा एकमेकांत गुंतलेला गठ्ठा दाताळ्याने उपसून शेजारी पुन्हा रचायचा असतो. पहिल्या वेळी उत्साह असतो. दुसऱ्या वेळी तो ओसरतो आणि तिसऱ्या वेळेपर्यंत पाठ बोलू लागते. मग ढीग तसाच पडून राहतो, आतून आंबतो, त्याला दुर्गंधी सुटते, शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि अखेर पाला जाळून टाकण्याची जुनी रीत पुन्हा सुरू होते. घरची बाग सांभाळणाऱ्यांत उतारवयाची माणसे पुष्कळ असतात, ही गोष्टही येथे विसरून चालणार नाही. कंपोस्ट करण्याचा संकल्प सुटतो तो बहुधा ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर या उपशाच्या कष्टांमुळे.

तेव्हा माणसाच्या हाताची, बैलाची किंवा विजेच्या तारेची मदत न घेता आपला आपण खालीवर होणारा ढीग असावा, अशी इच्छा अनेकांना व्हावी यात नवल नाही. मात्र येथे शब्दांचा थोडा घोटाळा होतो. मोठ्या खत-कारखान्यांतून लांबच लांब ढिगांवरून चालत जाणारी आणि आतल्या फिरत्या दात्यांनी ते उलथेपालथे करणारी अवजड यंत्रे असतात, त्यांना ‘स्वयंचलित’ म्हटले जाते. पण ती डिझेलवर चालतात. त्यांची शक्ती टाकीतून येते, ढिगातून नव्हे. ज्याला खऱ्या अर्थाने स्वयंशक्तीवर चालणारे साधन म्हणता येईल त्याने आपली शक्ती ढिगातूनच घेतली पाहिजे, किंवा निदान ढिगावर पडणाऱ्या उन्हातून तरी. असे साधन शक्य आहे काय, हे पाहण्यापूर्वी ढीग मुळात खालीवर का करावयाचा, हे पाहणे इष्ट ठरेल. त्या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच खरे आहे.

खालीवर कशासाठी?

शास्त्रशुद्ध कंपोस्टची चर्चा बहुधा इंदूरपासून सुरू होते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले आणि प्रथम बिहारमधील पुसा येथे काम करू लागले. १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती-उत्पादनविषयक संस्था स्थापन झाली, आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड तेथे होते. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षे सर्व प्रकारचा कचरा कुजवून जमिनीला परत देत आले आहेत, हे एफ. एच. किंग यांच्या १९११ सालच्या ग्रंथातून त्यांनी वाचले होते. शेतातील काडीकचरा, गोठ्यातील शेण व मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांच्या थरांतून खत करण्याची जी पद्धत इंदूर येथे सिद्ध झाली, तिची हकीकत हॉवर्ड आणि संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी मिळून लिहिली. तो ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जगभर गेलेल्या या पद्धतीच्या पहिल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने वाड यांचेही नाव आहे, हे सहसा लक्षात ठेवले जात नाही.

हॉवर्ड यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात खड्ड्याचे माप ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि ३ फूट खोल असे दिले आहे. या तिन्हींत खोलीला त्यांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले, कारण कुजणाऱ्या पदार्थात हवा आपण होऊन केवळ दीड ते दोन फुटांपर्यंतच शिरते असा त्यांचा अनुभव होता. म्हणून खड्डा भरतानाच दर चार फुटांवर हलक्या पहारीने उभी छिद्रे ठेवावयाची, दोनतीन आठवड्यांनी एकदा आणि सुमारे पाच आठवड्यांनी दुसऱ्यांदा खत खालीवर करावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांनी ते शेतात न्यावयाचे, असा हा क्रम होता. खालीवर करण्याचा जो नियम आज बागेबागेत सांगितला जातो, त्याचा उगम शोधू गेल्यास वाट बहुतांशी इंदूरलाच जाते. परंतु नियम सांगणाऱ्यांनी पहारीच्या छिद्रांचा उल्लेख वाटेत कोठेतरी गाळून टाकला.

कंपोस्ट करणारे जीवाणू, किरणकवके आणि बुरश्या यांना प्राणवायू लागतो. तो न मिळाल्यास त्यांची जागा दुसरे जीवाणू घेतात, आणि मग मिथेन व दुर्गंधीयुक्त आम्ले तयार होऊ लागतात. यावरून ‘ढीग हलवला की आत हवा जाते’ असे सांगितले जाते. हे खोटे नाही. पण ही हवा किती काळ पुरते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर ढिगातील तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक जागा पोकळ असते असे धरले, तर त्या पोकळीतल्या हवेत सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू असतो. ढीग ऐन तापलेला असताना त्यातील सूक्ष्मजीव ताशी सुमारे तेवढाच प्राणवायू खर्च करतात. म्हणजे सकाळी घाम गाळून आत घातलेली हवा न्याहारी आटोपेपर्यंत संपलेली असते. केवळ प्राणवायूसाठीच ढीग हलवायचा असेल तर तो दर तासाला, रात्रीसुद्धा, हलवावा लागेल. असे कोणी करीत नाही, आणि तरीही खत तयार होते. याचा अर्थ, हवा दुसऱ्या कोणत्यातरी वाटेने आत जात असली पाहिजे.

खालीवर करण्याचे खरे फायदे वेगळे आहेत. दबून बसलेला पदार्थ मोकळा होतो व त्यात पुन्हा पोकळ्या निर्माण होतात. कोरडे ओल्यात मिसळते. गोळे फुटतात. थंड राहिलेला बाहेरचा भाग आत जातो, त्यामुळे त्यातील तणांचे बी आणि रोगजंतू उष्णतेने मरतात. दुसऱ्या बाजूला तोटेही आहेत : दर वेळी उष्णता निसटते, ओलावा जातो, आणि नायट्रोजनचा काही भाग अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे पिकाच्या तोंडचा घासच होय. शिवाय तापलेल्या ढिगात ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी असते आणि उपसताना तिचे बीजाणू धुरळ्याबरोबर उडतात. निरोगी माणसाला त्यापासून सहसा अपाय होत नाही. दम्याच्या किंवा फुप्फुसांच्या रोग्याने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावे हे उत्तम.

पिंप, सूर्य आणि गिअर

घरगुती बागेसाठी यंत्र म्हणून जे प्रथम पुढे येते ते आडव्या आसावर बसवलेले पिंप. नगरपालिकांच्या कचऱ्यासाठी डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेली ‘डॅनो’ पद्धतीची प्रचंड, संथ फिरणारी पोलादी पिंपे हा त्याच घराण्यातला मोठा भाऊ होय. २०० लिटरचे साधे पिंप अर्धे भरले तर आतील माल ५०-६० किलोग्रॅम होतो. पिंप फिरू लागले की माल एका बाजूला चढतो आणि घसरून खाली येतो. त्याला तसा चढवत ठेवणे एवढेच फिरवणाऱ्याचे काम. एका फेऱ्यास सुमारे ३०० ज्यूल कार्य लागते, असे ढोबळ गणित मांडता येते.

आता उन्हाकडे वळावे. १० वॅटचा सौर-फलक, म्हणजे साधारण वहीच्या दोन पानांएवढा, स्वच्छ दिवशी सुमारे १,८०,००० ज्यूल विद्युत्-ऊर्जा देतो. घट साठवण्यात, मोटारीत आणि वेग कमी करणाऱ्या गिअरमध्ये तीनचतुर्थांश ऊर्जा वाया गेली असे समजले, तरी उरलेल्या शक्तीवर ते पिंप दिवसाला दीडशे फेरे घेईल. गरज असते पाचदहा फेऱ्यांची, तीही रोज नव्हे. तेव्हा उन्हावर आपोआप फिरणारे पिंप ही कविकल्पना नव्हे. हौशी कारागिराला ते सहज जमण्यासारखे आहे.

आणि तरीही त्याच्यावर फार मदार ठेवू नये. अडचण शक्तीची नसून पिंपाची आहे. ५०-६० किलोग्रॅम माल आपली उष्णता धरून ठेवू शकत नाही. तापण्यासाठी ढीग साधारण घनमीटरभर तरी असावा लागतो. सतत फिरवल्याने ओल्या पदार्थाचे नारळाएवढे गोळे बनतात, त्यांचे पोट आत कुजके व पाठ गुळगुळीत राहते. बुरशीचे तंतू पुन्हापुन्हा तुटतात, आणि लाकडासारखा चिवट भाग मोडण्याचे काम तर त्या तंतूंचेच. वाफ, अमोनिया व आम्ले यांच्या सहवासात साखळी, धारवे आणि तारांचे जोड किती दिवस टिकतात, हे ज्याने गोठ्यातले लोखंड पाहिले आहे त्याला सांगावयास नको. शिवाय आपोआप फिरणारे यंत्र आत काय चालले आहे हे पाहत नाही : माल कोरडा आहे की चिखल झाला आहे, तापला आहे की निवला आहे, त्याला फिरणे तेवढे ठाऊक.

उष्णता असून काम का होत नाही?

मग ढिगाच्या स्वतःच्या शक्तीचे काय? ती थोडीथोडकी नाही. सेंद्रिय पदार्थ कुजताना दर ग्रॅम प्राणवायूमागे सुमारे १४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वर सांगितलेल्या वेगाने, ऐन भरातील घनमीटरभर ढीग ४०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. १०० वॅटचे चार दिवे अखंड जळावेत तशी. याच्या तुलनेत ढीग हलवण्याचे काम किती? ६०० किलोग्रॅमचा संपूर्ण ढीग एक मीटर उंच उचलायचा तर सुमारे ६,००० ज्यूल पुरतात. एक ग्रॅम कोरडा पाला पूर्णपणे कुजताना याच्या तिप्पट उष्णता देतो! गुंतलेल्या काड्या सोडवण्यात आणि घर्षणात याच्या दहापट, वीसपट कार्य जाईल. तरीही दोन्ही आकड्यांतील तफावत डोळे विस्फारायला लावते.

येथे वाचकाने उतावीळ होऊ नये. उष्णता आणि कार्य यांचे माप एकच असले तरी त्यांची प्रत एक नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले की, उष्णतेचा किती अंश कार्यात बदलता येईल हे गरम आणि थंड अशा दोन बाजूंच्या तापमानांवर ठरते. ढीग ६० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा २७ अंश असेल, तर निर्दोष अशा काल्पनिक यंत्रालाही केवळ १० टक्के उष्णता कार्यात आणता येते. वास्तवातील यंत्रांचा वाटा याहून पुष्कळ कमी. दोन धातूमिश्रित पट्ट्यांच्या एका बाजूला ऊब व दुसऱ्या बाजूला गारवा ठेवून वीज निर्माण करणारी जी उष्मा-विद्युत् साधने मिळतात, ती इतक्या अल्प तापमान-फरकात दीडदोन टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. रॉबर्ट स्टर्लिंग याने १८१६ मध्ये शोधलेल्या तप्त-वायू इंजिनाचे एक रूप मात्र अल्प फरकावर चालू शकते. झाग्रेब येथील प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये केवळ गरम व थंड पाण्याच्या जोरावर असे इंजिन फिरवून दाखवले. त्याचे चाक मोठ्या डौलाने फिरते. पण दाताळे ओढण्याचा जोर त्यात नसतो.

समजा, ४०० वॅटपैकी ४० वॅट उष्णता कशीबशी गोळा करून अशा पट्ट्यांमधून नेली, तर पाऊण वॅट वीज मिळेल. ती दिवसभर साठवली तर सुमारे ६५,००० ज्यूल होतील. म्हणजे दिवसातून एकदा स्वतःला खालीवर करण्याइतकी शक्ती ढीग कागदावर तरी मिळवू शकतो. प्रत्यक्षात कुजणारा पाला हा उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. नळी किंवा पट्टी ज्या जागी टेकते तेवढीच जागा लवकर निवते, आणि निवलेल्या जागेतले उष्णताप्रिय जीवाणू सुस्तावतात. फ्रान्समध्ये जाँ पेन यांनी १९७० नंतरच्या दशकात झुडपांच्या बारीक केलेल्या फांद्यांचे भले मोठे ढीग रचून, त्यांत नळ्यांची वेटोळी पुरून महिनोन्‌महिने गरम पाणी मिळवले, ते साधले तेही ढीग अनेक टनांचे होते म्हणून. ते ढीग खालीवर केले जात नसत, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकंदरीत बागेतल्या ढिगाच्या उष्णतेने चाक फिरवू पाहणे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखे आहे.

धुराड्याचे तत्त्व

मात्र एक इंजिन असे आहे की ज्याला चाक नाही, साखळी नाही आणि गंजण्यासारखे काही नाही. चुलीवरच्या धुराड्यात ते रोज चालते. ढिगातील ६० अंशांची, बाष्पाने भरलेली हवा बाहेरच्या २७ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने हलकी असते. उष्णतेबरोबर बाष्पही तिला हलके करते. ही हवा वर निघून जाऊ लागली की तिची जागा घेण्यासाठी तळाकडून थंड, प्राणवायूयुक्त हवा ओढली जाते. ढीग जितका तापतो तितका हा ओघ वाढतो, म्हणजे ज्या वेळी प्राणवायूची निकड सर्वाधिक त्याच वेळी पुरवठाही सर्वाधिक. तो निवू लागला की ओघही मंदावतो. कोणत्याही कारागिराने इतके नेमके नियंत्रण असलेले यंत्र बागेसाठी घडवलेले नाही.

या ओघाची क्षमताही ताडून पाहता येते. वरील ढिगाला केवळ प्राणवायूसाठी दिवसाला आठदहा घनमीटर ताजी हवा पुरेशी आहे. पण त्याची सगळी उष्णता वाफेच्या रूपाने हवेबरोबर बाहेर पडत असेल, तर त्यासाठी सुमारे ८० घनमीटर हवा आरपार गेली पाहिजे. थंडीच्या सकाळी ज्या ढिगाच्या माथ्यावरून वाफेचा पट्टा एकसारखा उठताना दिसतो, त्याच्या पोटातून गरजेच्या कित्येक पट हवा वाहत असते. दर तासाला ढीग न हलवताही खत का तयार होते, या मघाच्या कोड्याचा उलगडा येथे होतो. दाताळ्याने आत घातलेली हवा तासाभराची सोबतीण असते. दाताळ्याने मोकळ्या केलेल्या वाटा मात्र आठवडाभर उपयोगी पडतात.

त्या वाटा रचतानाच ठेवल्या तर? हॉवर्ड यांची पहार हेच करीत होती. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात ढिगाखाली सच्छिद्र नळ्या घालून पंख्याने हवा खेळवली आणि ढीग न हलवता खत केले. कॅनडात १९८० नंतरच्या दशकात पंखाही काढून टाकला गेला आणि नळ्यांची तोंडे नुसती उघडी ठेवून उष्णतेच्या ओढीवर भिस्त ठेवण्यात आली. बागेसाठी याहून सोपे रूप पुरेसे आहे. तळाशी वीतभर उंचीचा जाड काटक्यांचा, तुरीच्या किंवा कपाशीच्या पळ्हाट्यांचा थर आडवाउभा रचावा आणि त्याची टोके ढिगाबाहेर डोकावू द्यावीत. मधोमध मनगटाएवढे दोनतीन बांबू उभे करून भोवती माल भरावा, आणि दुसऱ्या दिवशी ते उपटून घ्यावेत. उंची कमरेच्या फार वर नेऊ नये, नाहीतर आपल्याच वजनाने ढीग दबतो. नुसते ओले गवत किंवा स्वयंपाकघरातील सालपटे एकत्र टाकली तर कोणतीच युक्ती चालत नाही. कोरडा, खरखरीत पाला त्यात भरपूर हवा. मूठभर माल दाबला असता बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये.

न हलवता खत : भारतातील दोन वाटा

हलवण्याचे कष्ट टाळण्याचा विचार भारतात फार पूर्वीपासून होत आला आहे, आणि त्यामागे केवळ पाठदुखी नव्हती. बंगळूर येथे १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी जी पद्धत विकसित केली तिच्यात शहराचा कचरा आणि मैला यांचे आळीपाळीने थर चरात भरून वरून माती लिंपली जाते, आणि सहा ते आठ महिने त्याला हात लावला जात नाही. आरंभीचे काही दिवस वगळता हवा आत जवळजवळ नसते, म्हणून काम संथ चालते. शास्त्रीय दृष्टीने हा तोटा आहे. पण मैला मिसळलेला चर महिन्यातून दोनदा उपसायचा, तर तो कोणीतरी उपसला पाहिजे; आणि या देशात तो ‘कोणीतरी’ कोणत्या वस्तीतून बोलावला जात असे हे सर्वविदित आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये, आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये. खत दोन महिन्यांऐवजी आठ महिन्यांनी मिळाले तरी चालेल, पण ते उपसण्यासाठी माणूस चरात उतरू नये, या हिशेबाने पाहिल्यास त्या संथपणाची किंमत फार नाही.

दुसरी वाट यवतमाळ जिल्ह्यातील पुसदची. तेथील शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ती ओळखली जाते. जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधतात, आणि बांधताना मधूनमधून विटा गाळून भिंतींना जाळी ठेवतात. पाला-काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली कोरडी माती, अशा क्रमाने टाके एकाच वेळी भरले जाते, आणि माथा शेणमातीने लिंपला जातो. सुमारे १५०० किलोग्रॅम कचऱ्याला केवळ ९०-१०० किलोग्रॅम शेण पुरते. ज्याच्या दारी एकदोनच जनावरे आहेत त्याला हे मोलाचे वाटले यात आश्चर्य नाही. तीनचार महिने टाके हलवले जात नाही. पाणी शिंपडणे आणि भेगा लिंपणे एवढेच काम. भिंतीतली भोके हीच त्याची दाताळी.

जिवंत अवजारे

याखेरीज उलथापालथीचे काम अन्नाच्या मोबदल्यात करणारे प्राणी आहेत, आणि स्वयंशक्तीवर चालणारे साधन हे वर्णन त्यांना तंतोतंत लागू पडते. गांडुळे जमीन खालीवर करतात हे चार्ल्स डार्विन याने १८८१ मध्ये सविस्तर दाखवून दिले. आयसेनिया फेटिडा यासारख्या जाती कचऱ्यातच राहतात आणि तो आतून पोखरून भुसभुशीत करतात. पण ३५ अंशांच्या वर त्यांचा जीव धोक्यात येतो. गांडुळांच्या भरवशावर राहायचे तर ढीग तापू देता येत नाही, आणि मग तणांचे बी जिवंत राहते. उकिरड्यावर पायांनी उकरणारी कोंबडी हे काम कोणी न सांगता करतेच. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील पॉलीफेस नावाच्या शेतावर तर हिवाळाभर गोठ्यातील अंथरणात मक्याचे दाणे पेरत जातात आणि वसंतात तेथे डुकरे सोडतात. दाण्यांच्या शोधात ती सारा दबलेला थर नाकाने उकरून मोकळा करतात. डिझेल लागत नाही, आणि अवजार पुढे विकताही येते.

या सर्वांत निष्णात मात्र एक पक्षिकुल आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रश टर्की हा पक्षी पालापाचोळ्याचा माणसाच्या छातीइतका उंच ढीग रचतो आणि अंडी त्यात पुरली जातात. ती उबवते कुजण्याची उष्णता. नर तो ढीग उकरतो, नवा पाला घालतो आणि आतील तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास ठेवतो. त्याचाच भारतीय नातलग, निकोबार मेगापोड, केवळ निकोबार बेटांवर आढळतो. वाळू, माती आणि कुजका पाला यांचे त्याचे ढीग समुद्रकिनाऱ्यालगतच्या रानात असतात. २००४ च्या त्सुनामीत त्यांपैकी पुष्कळ वाहून गेले.

जे एवढ्यानेही साधत नाही

हवेच्या वाटा ठेवून रचलेला ढीग हलवावा लागतच नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. बाहेरचा वीतभर थर थंडच राहतो, आणि तेथील तणांचे बी, रोगट पानांवरची बुरशी व माशीच्या अळ्या सुरक्षित असतात. सांडपाण्याच्या गाळापासून खत करणाऱ्यांसाठी अमेरिकेत १९९३ मध्ये जे नियम झाले त्यांत हा भेद स्पष्ट आहे : उघडा लांबट ढीग असेल तर ५५ अंशांवर पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ, पांघरूण घातलेला व आतून हवा खेळवलेला ढीग असेल तर त्याच तापमानावर तीन दिवस. म्हणजे पाच उलथापालथींच्या जागी पांघरूण चालते. बागेत हे पांघरूण म्हणजे तयार खताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर. त्याने माथ्याची व कडेची ऊब टिकते, माशा बसत नाहीत, आणि अमोनियाचा बराचसा भाग त्यातच मुरतो. पावसाळ्यात माथ्यावर छप्पर हवेच. पाण्याने पोकळ्या भरल्या की धुराडे बुजते.

एवढी काळजी घेऊनही एकदा दाताळे हाती घ्यावे लागते, ते पहिला ताप उतरल्यावर. तो उतरला हे ओळखण्यासाठी महागडे उपकरण नको. हातभर लांबीची लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून ठेवावी आणि सकाळी उपटून टोकाला हात लावावा. चटका बसून हात मागे आला तर ढीग जोरात आहे. सळई परत तेथेच खुपसावी आणि ढिगाला हात लावू नये. टोक कोमट लागू लागले, आणि बारीक तुकडा ओला असूनही तसे दोनतीन दिवस राहिले, तर बाहेरचा थर आत आणि आतला बाहेर अशा रीतीने ढीग एकदा रचून घ्यावा. या वेळेपर्यंत तो आकाराने निम्म्याच्या आसपास आणि वजनानेही पुष्कळ उतरलेला असतो. काड्या ठिसूळ झालेल्या असतात, गुंता सुटलेला असतो. पहिल्या दिवशी जो गठ्ठा हलता हलत नव्हता तो आता फावड्यानेही उचलतो. मध्ये बांबू पुन्हा उभे करावेत. दुसऱ्यांदा येणारा ताप पहिल्याइतका तीव्र नसतो, आणि तो गेल्यावर गांडुळे जमिनीतून आपणहून वर येतात.